पाणी, सावली आणि विसावा : कोकणच्या उन्हाळ्याची गोष्ट

आमच्या सगळ्या ताया, काकू, मावश्या, आज्या आणि कामावर जाता जाता मोबाइलवर हा कार्यक्रम लावणाऱ्या मुलींनो, आज आपण उन्हाळ्याच्या इतिहासाविषयी बोलणार आहोत. उन्हाला कसला आला इतिहास, ते तर दरवर्षी येतं, असं कुणी म्हणेल. आम्हालाही तसंच वाटायचं. पण गेल्या मे महिन्यात एक प्रसंग घडला आणि आम्ही जुन्या गोष्टी विचारायला लागलो.

आमच्या बचत गटाचं आमसुलांचं काम चालू होतं. रातांबे फोडायचे, बिया वेगळ्या करायच्या, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात टाकायची, ती सुकली की परत रसात, परत उन्हात. पडवीवर पत्रा. दुपारचे दोन वाजलेले. वारा पडलेला. आमच्यातल्या एक काकू मधेच असंबद्ध बोलायला लागल्या. आधी आम्ही हसलो. मग त्यांचे पाय लटपटले. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी कांदा आणायला धावलं. यात चांगली वीस-पंचवीस मिनिटं गेली. शेवटी एका सुनेने काही न विचारता हंड्यातलं पाणी त्यांच्या अंगावर ओतलं, पुठ्ठ्याने वारा घातला आणि गाडी बोलावली. काकू वाचल्या. डॉक्टर आमच्यावर रागावले नाहीत, पण एवढंच म्हणाले, "ते पाणी पहिल्या मिनिटाला ओतलं असतंत तर बरं झालं असतं."

तेव्हापासून आम्ही गावातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारत आलो की पूर्वी पंखा नव्हता, फ्रिज नव्हता, मग तुम्ही उन्हाळा कसा काढलात? सगळ्यांच्या बोलण्यात तीन गोष्टी आल्या. पाणी, सावली आणि विसावा. या तिन्हींचा आपल्या मुलखातला इतिहास आज सांगतो.

आधी पाणी.

तहानलेल्या वाटसरूसाठी पाणी ठेवणं ही आपल्याकडची फार जुनी रीत. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा शिलालेख आहे. उषवदात म्हणजे क्षत्रप राजा नहपान याचा जावई. ही गोष्ट सुमारे १९०० वर्षांपूर्वीची. त्या लेखात दमण, तापी, डहाणू अशा नद्यांची नावं आहेत. या नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही काठांवर लोकांना टेकायला जागा व पाण्याच्या 'प्रपा' केल्या, असं त्यात कोरलं आहे. प्रपा म्हणजे आपली पाणपोई. घाट चढून कोकणातून जुन्नरला जाणारा नाणेघाट पाहिलात, तर तिथेही कातळात खोदलेली पाण्याची टाकी आजही दिसतात. पुढे अहिल्याबाई होळकरांनी देशभर विहिरी, घाट आणि पाणपोया बांधल्या. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घडा दान करायचा, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचं पन्हं आणि आंब्याची डाळ द्यायची, हे त्याच रीतीचं घरगुती रूप. सणाच्या निमित्ताने चैत्र-वैशाखात गावातल्या बायकांच्या पोटात पाणी, गूळ, मीठ आणि आंबट असं सगळं जायचं.

पण या इतिहासाला दुसरी बाजू आहे, ती सांगितली नाही तर गोष्ट खोटी होईल. पाणी सगळ्यांना मिळत नव्हतं. आपल्या शेजारच्या महाडला चवदार तळं होतं. तिथे गुरंढोरं पाणी पीत, पण अस्पृश्य मानलेल्या माणसांना पाण्याला हात लावायची बंदी होती. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे मंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावर झालं, तळ्यावर झालं नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं. त्या सत्याग्रहानंतर लोकांना मार बसला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि शेवटी १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अस्पृश्यांना या पाण्यापासून अडवण्याचा हक्क कुणालाही नाही.

मार्च महिना होता हे लक्षात घ्या. मार्चमध्ये कोकणात ऊन केवढं असतं ते आपल्याला माहीत आहे. ज्या माणसाला पाण्याला हात लावता येत नाही, त्याच्यासाठी उन्हाळा म्हणजे काय असेल? म्हणून आम्ही म्हणतो की उन्हाळा सगळ्यांवर सारखा येतो, पण तो सगळ्यांना सारखा लागत नाही. हळदीकुंकवाचंही तसंच. पन्हं सवाशिणीला मिळायचं आणि विधवा बाई आत स्वयंपाकघरात राहायची. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनेही इतर गावांना त्याप्रमाणे करायला सांगितलं. आमच्या गटाने ठरवलं आहे की पन्ह्याचा संबंध कुंकवाशी नाही, तहानेशी आहे.

आता सावली.

आपलं जुनं घर आठवा. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, वर कौलं, पुढे पडवी, मग ओटी, आत काळोखं माजघर. जमीन शेणाने सारवलेली. मंगळूरला बासेल मिशनने १८६०च्या दशकात कौलांचे कारखाने काढले आणि ती कौलं गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने आली. त्याआधी साधी नळीची कौलं किंवा गवत-पेंढा. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, जाड भिंत तापायला वेळ लागतो, आणि ऊन आत येईपर्यंत त्याला पडवी आणि ओटी ओलांडावी लागते. पावसाळा सरला की अंगणात मांडव घालायचा, त्यावर नारळाची झापं टाकायची. सगळा उन्हाळा त्या मांडवाखाली जायचा.

आता घर स्लॅबचं झालं किंवा पत्र्याचं. पत्रा स्वस्त पडतो, माकडं तो फोडत नाहीत, दरवर्षी घर शाकारायचा त्रास नाही. त्यात कुणाची चूक नाही. पण पत्रा सकाळी दहापासून तापतो आणि खाली बसलेल्या माणसावर ती धग येत राहते. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. रात्रीही अंग निवलं नाही, तर दुसऱ्या दिवशीचं ऊन जास्त लागतं. म्हातारी माणसं, लहान मुलं आणि गरोदर बायका यांना त्याचा फार त्रास होतो.

घराबाहेरची सावली हाही इतिहासाचाच भाग आहे. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसं सरकारी कामांवर गेली. मे १९७३ मध्ये ही संख्या जवळजवळ ५० लाखांवर गेली होती. त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. भर उन्हात खडी फोडायची, माती वाहायची, आणि तान्हं मूल बाजूला चिंधीच्या झोळीत. त्या अनुभवातून महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. पुढे २००५ मध्ये सगळ्या देशासाठी तसा कायदा आला, तेव्हा त्यात कामाच्या जागी पिण्याचं पाणी, मुलांसाठी सावली, विश्रांतीची सोय आणि प्रथमोपचाराची पेटी हवी असं स्पष्ट लिहिलं गेलं. सावली ही मुकादमाची मेहरबानी नाही, ती मागायची वस्तू आहे, हे खडी फोडणाऱ्या बायकांमुळे कायद्याच्या पुस्तकात आलं. आंब्याच्या बागेत, चिरेखाणीवर, काजूच्या कारखान्यात किंवा मासळी सुकवायच्या वाळवणावर काम करणाऱ्या मैत्रिणींनी हे ध्यानात ठेवावं.

तिसरी गोष्ट विसावा.

याचा इतिहास सांगताना आम्हाला थोडं हसू आलं आणि थोडा रागही आला. इंग्रजांनी १८२८च्या सुमारास महाबळेश्वर वसवलं. उन्हाळा आला की मुंबईचं सरकार, साहेब, मडमा आणि फायली, सगळं महाबळेश्वरला जायचं. जे खाली राहात त्यांच्या कचेरीत छताला मोठा कापडी पंखा टांगलेला असे आणि दाराबाहेर बसून एक माणूस त्याची दोरी ओढत राही. साहेबाला वारा आणि दोरी ओढणाऱ्याला घाम.

आपल्या गावात गडी माणसं पहाटे कामाला जात, अकराच्या आत परत येत, जेवून माजघरात आडवी होत आणि ऊन कललं की परत बाहेर पडत. ही शहाणपणाची पद्धत होती. आज जगभरचे डॉक्टर तेच सांगतात. पण त्याच दुपारी बाई काय करत असे? आमच्या आज्या म्हणाल्या, "अगं, आम्ही कावळे हाकत होतो!" पापड, कुरडया, सांडगे, आंबापोळी, फणसपोळी, आमसुलं, सगळी वाळवणं भर दुपारची. कडक ऊन पडलं की बाईचं काम सुरू. मग चुलीपुढचं काम, आणि संध्याकाळी आटलेल्या विहिरीवर नंबर. आपल्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण कातळावरून तो वाहून समुद्राला मिळतो आणि एप्रिल-मेमध्ये सड्यावरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पाणी आणि सावली गावाने मिळून केली. विसावा मात्र बाईच्या वाट्याला पूर्वीही आला नाही. जुनं ते सगळं सोनं असं आम्ही म्हणत नाही, ते यासाठीच.

आणखी एक गोष्ट आहे, ती रेडिओवर बोलायला संकोच वाटतो, पण बोलतोच. बागेत, खाणीवर, बाजारात संडासाची सोय नाही म्हणून आपण सकाळपासून पाणीच पीत नाही. पाणी न पिता उन्हात काम केलं की लघवीला जळजळ होते, डोकं दुखतं, आणि पुढे ऊन लागतं. तेव्हा आडोशाची मागणी हीसुद्धा उन्हाळ्यापासून वाचण्याचीच मागणी आहे.

या तिन्ही गोष्टी एकदम हातून सुटल्या की काय होतं, हे आपण आपल्या डोळ्यांदेखत पाहिलं आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. कोकणातून, राज्यभरातून लाखो माणसं श्रद्धेने आली. कित्येकजण आदल्या रात्रीपासून आलेले. बसायची जागा उघड्यावर होती आणि कार्यक्रम दुपारपर्यंत चालला. सरकारी आकड्याप्रमाणे उष्माघाताने १४ माणसं गेली, त्यांत बहुतेक बायका होत्या. शवविच्छेदनात बऱ्याच जणांच्या पोटात कित्येक तास अन्न गेलं नसल्याचं आढळलं, असं तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं. त्या दिवशीचं तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला वाटेल, ३८ म्हणजे काय मोठंसं! पण इथेच कोकणाचं वेगळेपण आहे.

आपलं शरीर घामाने थंड होतं. घाम वाळला की अंग निवतं. विदर्भातली हवा कोरडी, तिथे घाम लवकर वाळतो. आपल्याकडे समुद्राची दमट हवा. घाम येतो, पण वाळत नाही, नुसता निथळतो. अंगातलं पाणी आणि मीठ जातं आणि अंग तर तापलेलंच राहतं. म्हणूनच हवामान खातं मैदानी भागात तापमान ४० अंशांच्या पुढे गेल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, आणि किनाऱ्यावर ३७ अंशांपासूनच. रेडिओवर 'उष्ण आणि दमट' असा इशारा ऐकलात, तर आकडा लहान दिसला म्हणून दुर्लक्ष करू नका.

हे दुःख टाळता येतं, हेही इतिहास सांगतो. मे २०१० मध्ये अहमदाबादेत भयंकर लाट आली. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३०० हून जास्त माणसं दगावली, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. तेव्हा तिथल्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करायचा आराखडा केला. आधीच इशारा द्यायचा, पाणपोया वाढवायच्या, दवाखान्यांत तयारी ठेवायची, वस्त्यावस्त्यांत जाऊन सांगायचं. फार मोठी यंत्रं नव्हती. पुढे आपल्या नागपूरसह अनेक शहरांनी तसे आराखडे केले. आणि २००३ मध्ये युरोपात लाट आली तेव्हा एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसं गेली. त्यांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका खूप होत्या. श्रीमंत देश, पण दार ठोठावून 'आजी, कशा आहात?' असं विचारणारं कुणी नव्हतं. आपल्या गावातही आता मुलं मुंबईला आणि घरात एकटी म्हातारी, अशी घरं किती आहेत ते मोजून पाहा.

आता एक गोष्ट बायकांनी बायकांना शिकवलेल्या शहाणपणाची. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित भारतात आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात घालून ते लोकांना पाजायला नातेवाइकांच्या हातात दिलं. हजारो जीव वाचले. पुढे १९८०पासून बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेच्या बायका दहा वर्षं घरोघर फिरल्या आणि सव्वा कोटीच्या आसपास घरांतल्या आयांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी यांचं माप शिकवलं. शिकवणारीला पैसे मिळत ते शिकणारीच्या लक्षात किती राहिलं त्यावर! जे औषध जुलाबात अंगातलं पाणी भरून काढतं, तेच घामाने गेलेलंही भरून काढतं.

माप आपणही पाठ करू या. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आरोग्य केंद्रातली ओआरएसची पुडी मिळाली तर उत्तमच, ती पुडीवर लिहिलेल्या मापानेच करायची. पन्हं, कोकम सरबत, ताक, पेज, शहाळं हे सगळं चांगलं. साखरेचा आजार असेल तर सरबतात गूळ-साखर बेताने. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मीठ आणि गोळ्यांचं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, मनाने गोळी बंद करू नका.

आणि आमच्या काकूंच्या वेळी आमचं जे चुकलं, ते तुमचं चुकू नये म्हणून नीट ऐका. पायात गोळे, चक्कर, मळमळ, डोकेदुखी ही पहिली सूचना. लगेच काम थांबवा, सावलीत बसा, थोडं थोडं पाणी प्या. पण माणूस बरळायला लागला, ओळखेनासा झाला, झटके आले, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे. अंग कोरडं असेल किंवा घामाने भिजलेलंही असेल, त्यावर जाऊ नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघा यांवर गार ओली फडकी ठेवा. त्याच वेळी दुसरीने १०८ ला फोन करायचा. गाडीची वाट पाहतानाही पाणी ओतणं थांबवायचं नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. कांदा खिशात ठेवून ऊन थांबत नाही. कांदा भाकरीबरोबर खावा.

आमच्या गटाने या वर्षी काय ठरवलं ते सांगतो. रातांबे पहाटे सहा ते दहा आणि ऊन कलल्यावरच फोडायचे. मधली वेळ सुट्टी, आणि त्या सुट्टीत घरकाम नाही. ते जमायला घरच्यांशी बोलावं लागलं, एक-दोन ठिकाणी भांडावंही लागलं. वाळवण राखायला आळीपाळीने अर्धा-अर्धा तास, झापाखाली बसून. पडवीच्या पत्र्याला वरून चुना दिला आणि त्यावर झापं टाकली. नवी मुलगी कामाला आली की पहिला आठवडा तिला थोडंच काम, कारण उन्हाची सवय व्हायला अंगाला आठ-पंधरा दिवस लागतात. वाडीतल्या एकट्या आज्यांची यादी केली आहे. दुपारी तीनला कुणीतरी एकजण त्यांच्याकडे डोकावते. आणि चैत्रात हळदीकुंकवाच्या दिवशी रस्त्यावर पाणपोई लावतो. येईल त्याला पाणी, जात विचारायची नाही, कुंकू बघायचं नाही.

काकू आता बऱ्या आहेत. पाणपोईचा माठ त्याच भरतात. भर उन्हात कुणी काम करताना दिसलं की लांबूनच हाक मारतात, "ये गो बाय, बस जरा!" ती हाक ऐकली की हातातलं काम ठेवायचं, एवढा एकच नियम आमच्या गटात आता सगळ्याजणी पाळतात. पुढच्या बैठकीत तुमच्या गटानेही आपली वेळ, आपली सावली आणि आपली यादी ठरवा. आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात सगळ्यांना सांगू.